रंभाबाईंची गोधडी आणि आखूड इंग्रजी

रंभाबाई खरातांना इंग्रजी येत नाही, असं कुणाला म्हणायचं असेल तर त्यानं खुशाल म्हणावं. पण त्यांच्या तोंडावर म्हणू नये. ठाकुर्ली पूर्वेच्या त्यांच्या चाळीत एकदा एका विमा एजंटानं ते धाडस केलं. "मावशी, फॉर्म इंग्लिशमध्ये आहे, तुम्हाला नाही कळणार. तुम्ही फक्त सही करा," एवढंच बिचारा बोलला. रंभाबाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "टीडीएस म्हणजे काय?"

"टॅक्स कापतात तो," एजंट हसून म्हणाला.

"चूक. दिवसातनं तीनदा. स्टॅट म्हणजे?"

एजंटानं फॉर्म उलटा करून बघितला.

"आत्ताच्या आत्ता. एनबीएम?"

एजंट घाम पुसायला लागला.

"तोंडाला कुलूप. पाण्याचा घोटसुद्धा नाही. आता दे तो कागद इकडे, मी वाचते."

ही सगळी विद्या डोंबिवलीच्या एका नर्सिंग होममधली. माण तालुक्यातल्या खेड्यातून लग्न होऊन रंभाबाई ठाकुर्लीला आल्या, आठवी शिकलेल्या होत्या, आणि विशीतच तिथं आया म्हणून लागल्या. तिथं आयाला कुणी आया म्हणत नाही, मावशी म्हणतात. बावीस वर्षांची मावशी! साठीतले पेशंटसुद्धा मावशी म्हणायचे आणि रंभाबाईंना सुरुवातीला हसू यायचं.

हसू लवकरच पळालं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सिस्टर जाता जाता बोलून गेल्या, "मावशी, बेड चार एनबीएम." रंभाबाईंना वाटलं, पेशंटचं नाव असेल. बेड चारवरच्या आजोबांनी चहा मागितला, यांनी मायेनं दिला, वर दोन बिस्किटं. आजोबांचं ऑपरेशन होतं. ते दुसऱ्या दिवसावर गेलं आणि डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डासमोर रंभाबाईंची अशी काही हजेरी घेतली की त्या संडासात जाऊन रडल्या. बाहेर आल्या त्या एक गोष्ट ठरवूनच. कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही घेतली आणि त्यात पहिली ओळ लिहिली: "एनबीएम. तोंडाला कुलूप."

आता विचारणार कुणाला? सिस्टर कामात, डॉक्टर रागात. म्हणून रंभाबाईंनी स्वतःची एक रीत बसवली. अक्षरं कशाची आहेत ते विचारत बसायचं नाही. अक्षरं कानावर पडली की समोरच्या बाईचे हात काय करतात ते बघायचं. एसओएस म्हटलं की सिस्टर गोळी काढून ठेवते, पण देत नाही. पेशंट कण्हला तरच देते. झालं. वहीत लिहिलं: "एसओएस. लागलं तर." एचएस म्हटलं की गोळी रात्रीच्या डबीत जाते. लिहिलं: "एचएस. निजताना." सहा महिन्यांत वही अर्धी भरली आणि नव्या सिस्टर रंभाबाईंना अर्थ विचारायला लागल्या. आठ वर्षांनी त्यांना तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता विभागात घातलं. एनआयसीयू. तिथं त्या निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तब्बल सत्तावीस वर्षं राहिल्या. किलोभराची, सव्वा किलोची, तळहातावर मावतील एवढी बाळं. त्यांची बाळोती बदलायची, त्यांचे कपडे धुऊन, घड्या घालून, पत्र्याच्या ड्रममध्ये भरून वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करायचे. सत्तावीस वर्षांत रंभाबाईंच्या हातून गेलेला एक ड्रम खोट निघून परत आला नाही. हे त्या स्वतःच सांगतात, आणि का सांगू नये?

निवृत्तीनंतर घरात बसून करणार काय? गोधड्या. आईनं शिकवलेली कला होतीच. जुन्या कपड्यांचे थर एकावर एक घालायचे आणि कडेनं सुरुवात करून धावदोरा घालत घालत मधोमध यायचं. टाका असा बारीक की तांदळाचा दाणा लाजावा. अकरावीतल्या नातीनं, रुचितानं, एका गोधडीचा फोटो काढून फेसबुकवरच्या 'थिंबल टॉक' नावाच्या ग्रुपवर टाकला. थिंबल म्हणजे शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. जगभरच्या गोधडी शिवणाऱ्या बायकांचा ग्रुप तो: पुण्याच्या, बंगळूरच्या, दुबईच्या, अमेरिकेच्या. फोटोला सहाशे बदाम आले.

"आज्जी, यू आर व्हायरल!" रुचिता ओरडली.

"व्हायरल ताप आलाय? औषध घेतेस का?" आजी म्हणाल्या. त्यांना माहीत होतं सगळं, पण नातीला चिडवायची संधी त्या सोडत नाहीत.

मुलाचा, आनंदचा, जुना फोन आजींच्या ताब्यात आला. भाषांतराचं बटण रुचितानं दाखवून ठेवलं. पण गंमत बघा, ते बटण दाबलं की बाकी वाक्य मराठीत यायचं आणि आखूड अक्षरं मात्र जिथल्या तिथं ठाण मांडून बसायची. 'माझी एचएसटी आरएसटी ठेवून शिवली, डब्ल्यूओएफ कमी पडला, आता हे यूएफओ होणार.' हे काय मराठी झालं? दुसरी कुणी असती तर फोन ठेवून देवळात, नाहीतर विहारात जाऊन बसली असती. रंभाबाईंना उलट हुरूप आला. ही भाषा त्यांच्या ओळखीची होती. जगभरच्या बायका सिस्टरांसारख्या बोलत होत्या!

नवी वही आली. रीत जुनीच: हात बघायचे. एचएसटी म्हटलं की फोटोत दोन त्रिकोण जोडून एक चौकोन. लिहिलं. आरएसटी म्हटलं की व्हिडिओतली बाई सुलट बाजू सुलट बाजूवर ठेवते. लिहिलं. डब्ल्यूओएफ म्हटलं की टेप कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाते. "अगं बाई, पन्हा!" रंभाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "तीन अक्षरं झिजवून पन्हाच सांगायचा होता, तर पन्हा म्हणायला काय धाड भरली?" यूएफओ म्हणजे अर्धवट सोडून पेटीत कोंबलेलं काम. टीआयए म्हणजे काम सांगायच्या आधीच आभार मानून मोकळं होणं. आणि कुणी आयएमएचओ लिहिलं की खाली हमखास भांडण लागायचं, म्हणून वहीत नोंद झाली: "आयएमएचओ. आता ही बाई वाद घालणार." रुचितानं एका रविवारी वही तपासली. बावीसपैकी एकोणीस अर्थ बरोबर निघाले, आणि उरलेल्या तिनांत आजीचाच अर्थ जास्त खरा आहे, असा शेराही तिनं दिला.

त्या दिवसानंतर रुचिताला विचारायचं कारण उरलं नाही. आणि तिथंच घोटाळ्याचं बी पडलं.

एलक्यूएस. ही तीन अक्षरं ग्रुपवर उठता-बसता असायची. ज्या फोटोखाली असायची त्या फोटोत हातच नसायचे! नुसतं कापड. फडताळात नीट घड्या घालून रचलेलं, काठाला काठ लावलेलं सुती कापड, आणि कुठलीतरी बाई कौतुकानं लिहितेय: माझं लाडकं एलक्यूएस. आज एलक्यूएसला गेले, मन भरून आलं. एलक्यूएस जपा. रंभाबाईंनी महिनाभर असे फोटो पाहिले आणि निवाडा केला: "एलक्यूएस. पेटीतलं जपून ठेवलेलं घडीचं कापड." खात्री करायला त्यांनी स्वतःची लोखंडी पेटी उघडली, आतल्या घड्यांचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, माय एलक्यूएस. तासाभरात दोनशे बदाम! 'बेस्ट एलक्यूएस एव्हर!' असं ओहायोच्या बाईनं लिहिलं. बायकांना वाटलं, काय विनोदी म्हातारी आहे. म्हातारीला वाटलं, अर्थ बरोबर निघाला.

सप्टेंबरात ग्रुपवर अमृतानं पोस्ट टाकली. ही ग्रुप चालवणाऱ्यांपैकी एक, ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहणारी, पस्तीस-छत्तीसची. ठाण्यातल्याच एका रुग्णालयाच्या एनआयसीयूसाठी छोट्या गोधड्या जमवायच्या, दोन फूट बाय दोन फूट, नवरात्राच्या आधी नेऊन द्यायच्या. खाली नियमांची ओळ: एलक्यूएस कॉटन ओन्ली.

एनआयसीयू ही चार अक्षरं वाचली आणि रंभाबाईंचे हात थांबले. सत्तावीस वर्षं डोळ्यांसमोरून गेली. ग्रुपवरच्या बारा हजार बायकांमध्ये या चार अक्षरांच्या आत पाय ठेवून राबलेली एकच बाई होती, आणि ती ठाकुर्लीत चहा गाळत होती.

त्या पेटी उघडून बसल्या. नियम काय? जपलेलंच सुती कापड. अगदी बरोबर नियम, त्यांना वाटलं. शहाण्या आहेत या बायका. आपल्याकडे तान्ह्या बाळाला सव्वा महिना नवं कापड लावतच नाहीत. नव्या कापडाला खळ असते, रंग असतो, ते बोचतं. आईची, आजीची जुनी लुगडी फाडून बाळोती करायची, ही पहिल्यापासूनची पद्धत. आणि त्यांच्या पेटीत सगळ्यात जपलेलं काय होतं? सगळ्यात तळाला, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं, आईचं निळं लुगडं. पिवळ्या काठाचं. आई ते दरवर्षी सहा डिसेंबरला दादरला येताना नेसायची, एरवी नाही. आई गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांच्या धुण्यानं ते लुगडं लोण्यासारखं झालं होतं. सख्ख्या लेकीच्या बाळंतपणातसुद्धा रंभाबाईंनी त्याला हात लावला नव्हता.

लुगडं मांडीवर घेऊन त्या बराच वेळ बसल्या. "आई, फाडते गं," असं त्या खरंच मोठ्यानं म्हणाल्या. मग काठाजवळ दातानं चीर पाडली आणि सूत धरून टरकन फाडलं. मग हात कामाला लागले. तीन थर, आत भरण काही नाही. गाठी सगळ्या आतल्या थरात, कारण दोऱ्याचं एक टोक बाहेर राहिलं आणि बाळाच्या बोटाला गुंडाळलं गेलं तर बोट काळंनिळं पडतं; हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गावाकडे गोधडीच्या पोटात भाकरीचा कुटका ठेवून मग शेवटचा टाका घालतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. या गोधडीत तो ठेवला नाही; तान्ह्यांच्या वॉर्डात अन्नाचा कण चालत नाही. पिवळा काठ चारी बाजूंनी फिरवला. नऊ दिवसांत गोधडी झाली आणि फोटो गेला: आईच्या लुगड्याची, एनआयसीयूसाठी.

उत्तर संध्याकाळी आलं. अमृताचं. दोन हृदयं, मग चार ओळी, आणि शेवटी एचटीएच, म्हणजे याचा उपयोग होवो. रंभाबाईंनी भाषांतर दाबलं. 'सुंदर! पण माफ करा, एलक्यूएस नाही, त्यामुळे यावेळी घेता येणार नाही. नियम आहे.'

"रुचे," त्यांनी हाक मारली. आवाजच असा होता की रुचिता क्लासची बॅग टाकून आली. "हे बघ. एलक्यूएस नाही म्हणते ही. अगं, याच्याहून जपलेलं कुठून आणू?"

रुचितानं वाचलं. आजीकडे बघितलं. पुन्हा वाचलं. "आज्जी... एलक्यूएस म्हणजे लोकल क्विल्ट शॉप. गोधडीच्या कापडाचं दुकान असतं ना, ते. दुकानातनं आणलेलं नवं कोरं कापड पाहिजे त्यांना."

रंभाबाईंनी वही काढली, ती ओळ शोधली, त्यावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं: "एलक्यूएस. दुकान." चुकलं ते चुकलं, चूक लपवायची सवय त्यांना नव्हती. मग त्यांनी गोधडी मांडीवर ओढली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. "एका दुकानाच्या नावापायी मी आईचं लुगडं फाडलं गं," त्या म्हणाल्या. "आता ते ना नेसायचं राहिलं, ना ठेवायचं."

रुचिता शेजारी बसली. तिलाही रडू येत होतं. "सॉरी आज्जी. तू मला विचारायला हवं होतंस यार."

"हो. विचारायला हवं होतं." त्यांनी नाक पुसलं. मग त्यांच्या आवाजात जुन्या मावशीची धार परत आली. "पण काय गं, दुकानातलं नवं कापड? खळीसकट? किलोभराच्या बाळाला? हा नियम केला कुणी? कुठल्या एनआयसीयूत गेलीये ही बाई?"

"आज्जी, तिनं रिजेक्ट केलंय. संपलं ना."

"मला नाही केलं, कापडाला केलं. कापडाला तोंड नाही, म्हणून मी जाणार आहे."

आधी त्या गेल्या डोंबिवलीला, आपल्या जुन्या नर्सिंग होममध्ये. मेट्रन नव्या होत्या, पण रंभाबाईंचं नाव तिथं अजून चालत होतं. ड्रमचं काम आता भीमाबाईकडे होतं, जिला त्यांनीच तयार केलं होतं. रंभाबाईंनी गोधडी घरी दोनदा उकळून, उन्हात वाळवून आणली होती. भीमाबाई गुंडाळायला बसली तर यांनी तिचा हात बाजूला केला. "थांब, ही मी करते." दुहेरी कापडात गोधडी ठेवली, चारी बाजू त्यांच्या पद्धतीनं दुमडल्या, वरच्या घडीचं एक टोक चोचीसारखं बाहेर ठेवलं, आणि त्या कामाची जी चिकटपट्टी असते ती लावून वर तारीख घातली. दुपारी पुडकं ड्रममधून बाहेर आलं तेव्हा पट्टीवरच्या फिकट रेघा काळ्याभोर झाल्या होत्या. वाफ नीट लागली की त्या रेघा काळ्या होतात; त्याशिवाय ते पुडकं कुठली सिस्टर हातात धरत नाही.

ठाण्यात टेंभी नाक्याला नवरात्राचा मांडव उभा राहत होता, अर्धा रस्ता बांबूंनी खाल्लेला. त्यातून वाट काढत रंभाबाई अमृताच्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात रुचिता. दार उघडणाऱ्या अमृताला त्यांनी नाव सांगितलं आणि तिचा चेहरा गोरामोरा झाला.

"अय्या, तुम्ही! मावशी, खरंच सॉरी हं, मला फार वाईट वाटलं, पण ग्रुपचा रूल..."

"आधी पाणी दे गं बाई, मांडव चढून आलेय," रंभाबाई म्हणाल्या.

जेवणाच्या टेबलावर एकेचाळीस गोधड्या मांडल्या होत्या. ढग, हत्ती, चांदण्या. तीन-चार बायका लेबलं लावत होत्या; त्याच दिवशी सगळ्या रुग्णालयात पोचवायच्या होत्या. रंभाबाईंनी एकेक हातात घेतली, आणि खोटं कशाला, त्यांना त्या आवडल्या. "ही एचएसटी ना? टोकाला टोक काय बेमालूम भिडवलंय! आणि हिचा पन्हा कमी पडला होता, जोड दिलाय, पण कळत नाही कुणाला." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांनी एक गोधडी चिमटीत धरून दाबली. "आत काय भरलंय?"

"पॉलिस्टर बॅटिंग."

"ड्रममध्ये गोळा होईल."

"कुठला ड्रम?" अमृतानं विचारलं.

रंभाबाईंनी सांगितलं. कसला ड्रम, किती वाफ, तान्ह्या बाळाच्या अंगाला लागणारी चिंधीसुद्धा त्यातून का जाते. झालरी बघून सांगितलं, हिचा दोरा सुटला तर बाळाच्या बोटात जाईल. शांतपणे सांगितलं, वॉर्डात नवीन मुलींना सांगायच्या तसं. अमृता ऐकता ऐकता खुर्चीत बसली. महिनाभर राबली होती ती.

"युनिटला विचारलं होतंस का, कापड कसं पाहिजे ते?"

"त्यांनी लिहिलेलं, स्वच्छ सुती. बस, एवढंच."

"मग हे एलक्यूएस कुणी घातलं?"

अमृता खाली बघत म्हणाली, "मीच. बाहेरच्या देशातल्या अशाच गोधड्या जमवायच्या एका ड्राइव्हची पोस्ट होती, तिच्यातली रूल्सची ओळ कॉपी केली. मला वाटलं, चांगली क्वालिटी येईल."

म्हणजे अर्थ माहीत असूनसुद्धा हिनं तीन अक्षरं नुसती उचलून ठेवली होती! रंभाबाईंना तिचा राग यायला हवा होता. आला नाही. बेड चारचा चहा आठवला.

"असं करू," त्या म्हणाल्या. "माझी गोधडी मी आणलीये. तुझ्याबरोबर येते. तिथली सिस्टर नको म्हणाली, तर मी गुपचूप घरी घेऊन जाईन आणि पुन्हा तुझ्या ग्रुपवर हूं की चूं करणार नाही. पण नको म्हणायचं ते तिनं म्हणावं. तू नाही."

अमृतानं मान हलवली. बोलून तर त्या गेल्या, पण रिक्षात बसल्यावर रुचितानं बघितलं, आजीनं पुडक्यावरचा हात एकदाही काढला नाही. नको म्हणाली तर? घरी नेऊन काय करायचं होतं त्या लुगड्याचं?

एनआयसीयूच्या दारात चपला काढताना तो वास आला, स्पिरिटचा आणि दुधाचा, आणि रंभाबाईंची पाठ आपोआप ताठ झाली. इन्चार्ज सिस्टर बाहेर आल्या. पन्नाशीच्या, घाईतल्या, डोक्याला टोपी. गोधड्या बघून मनापासून आनंदल्या. "किती सुंदर केल्यात! थँक्यू हं." मग त्यांची बोटं कापडावरून फिरली, चिमटीत दाबून थांबली, आणि त्या जरा अवघडून म्हणाल्या, "या जाड आहेत ना, या आम्ही मोठ्या मुलांच्या वॉर्डला देऊ. सुती आहेत त्या धुऊन, ड्रम करून वापरू. आठवडा लागेल, पण वापरू नक्की." अमृता हो हो म्हणाली. तिनं रंभाबाईंकडे बघितलं आणि स्वतःच पुढे झाली. "सिस्टर, अजून एक आहे. ही... जुन्या लुगड्याची आहे. मी नियमात बसत नाही म्हणून परत केली होती. तुम्हीच सांगा."

रंभाबाईंनी पुडकं दोन्ही हातांवर पुढे धरलं.

सिस्टरनी हात पुढे केला तो मध्येच थांबला. चिकटपट्टीवरच्या काळ्या रेघा बघितल्या. तारीख वाचली. मग बाहेर ठेवलेलं ते चोचीसारखं टोक बघितलं, जे धरून ओढलं की आतल्या कापडाला बोट न लावता पुडकं उघडतं. मान वर करून त्यांनी रंभाबाईंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"कुठल्या हॉस्पिटलच्या मावशी तुम्ही?"

"डोंबिवलीच्या. पस्तीस वर्षं. सत्तावीस एनआयसीयूला."

"तरीच," सिस्टर म्हणाल्या. "आत काय आहे?"

"आईचं लुगडं. तीन थर, भरण नाही, गाठी आत."

"सकाळी मुरबाडकडून एक बाळ आलंय, मुलगी. अकराशे ग्रॅम. धुवायला टाकलेलं अजून आलं नाही आणि माझ्याकडे एवढ्या मापाचं मऊ कापड एक नाही. ही मी आत्ता घेतली तर चालेल?"

चालेल का म्हणे! रंभाबाईंनी नुसती मान हलवली. सिस्टरनी पुडकं उचललं, खांद्यानं दार ढकललं आणि आत आवाज दिला, "बेड तीनला घ्या, स्टॅट!" दार मिटलं.

काचेतून दिसत होतं. आतल्या मुलीनं हातमोजे घातले, ते टोक धरून ओढलं आणि पुडकं आपसूक उघडलं. निळं कापड बाहेर आलं, मग पिवळा काठ. ते बाळाच्या काचेच्या पेटीत अंथरलं गेलं आणि त्यावर एक एवढासा जीव ठेवला गेला. त्या बाळानं पाय ताणले आणि पुन्हा जवळ घेतले.

अमृता काचेला नाक लावून उभी होती. तिनं हळूच विचारलं, "मावशी, स्टॅट म्हणजे काय हो?"

रंभाबाईंचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायला हात काचेवरून काढावा लागला असता.

"आत्ताच्या आत्ता," त्या म्हणाल्या.